टेहळ्याची राहिलेली खबर

गल्लीत आजवर पुष्कळ माणसं राहून गेली, पण बाबांइतकं बघणारा आणि बघितलेलं सगळं सांगून टाकणारा माणूस दुसरा झाला नाही. सकाळचा चहा झाला की ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि त्यांचं काम सुरू व्हायचं. "डावीकडे, कोपऱ्यावर, सायकल. एक माणूस. मागे दुधाचे कॅन." घरातून उत्तर आलं नाही तर तेच वाक्य पुन्हा, एक पट्टी वर चढवून. शेजारच्या इमारतीतली माणसं खिडक्या आपटायला लागायच्या आत आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोचलं!" मग कुठे त्यांची मान पुढच्या गोष्टीकडे वळायची.

युद्धात बाबा नौदलात टेहळ्या होते. टेहळ्या म्हणजे बोटीच्या कठड्याशी दुर्बीण घेऊन उभा राहणारा, आपल्या वाटणीचा समुद्र डोळ्यांनी पिंजून काढणारा माणूस. दिसेल ते त्याने मोठ्याने सांगायचं आणि वरून अधिकाऱ्याचं "पोचलं" ऐकू येईपर्यंत सांगत राहायचं. दिसलेली वस्तू काय आहे, कामाची की बिनकामाची, हे ठरवणं त्याच्याकडे नाही. युद्ध संपलं, बोट भंगारात गेली, पण हा नियम बाबांनी घरी आणला आणि घरच्यांच्या डोक्यावर बसवला. "पाहिलं की सांगायचं. अक्कल वरच्यांनी चालवायची," असं ते म्हणायचे. आई म्हणायची, "म्हणजे या घरात तुमच्या वरची मीच ना? मग अक्कल चालवून सांगते, आता जरा गप्प बसा."

त्यांना दोन मुलं. थोरला दादा आणि धाकटी. धाकटीने पन्नाशी ओलांडली, केस पांढरे झाले, तरी घरात ती धाकटीच राहिली. बाबांच्या आयुष्याची ही हकिकत तिच्या बाजूने सांगायची, कारण शेवटी ती निस्तरावी लागली तिलाच.

युद्धानंतर बाबांना अग्निशमन दलात नोकरी लागली, तीही मनोऱ्यावर. शहरावर नजर ठेवायची आणि धूर दिसला की घंटा वाजवायची. नौदलातला टेहळ्या आयता मिळाला, सोन्याहून पिवळं, असं दलातल्या लोकांना वाटलं. पहिल्याच महिन्यात त्यांचे डोळे पांढरे झाले. बाबा बेकरीच्या धुराड्याची खबर देत, लाँड्रीच्या बॉयलरची देत, कुणी अंगणात पालापाचोळा पेटवला तर त्याचीही देत. एकदा घंटा घणघणली, दोन बंब धावले, आणि पाइप खांद्यावर घेऊन जवान ज्या घरात घुसले तिथे एका बाईचं दूध करपलं होतं. बाईने त्यांना जे सुनावलं ते त्यांनी परत येऊन जसंच्या तसं बाबांना सुनावलं. "अहो, धूर कसला आहे ते जरा बघत जा ना!"

"ते मी नाही ठरवणार," बाबा म्हणाले.

वर्षभरात त्यांची तिथून उचलबांगडी झाली आणि ते कागदाच्या गिरणीच्या फाटकावर लागले. तिथे ते निवृत्त होईपर्यंत टिकले, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकची वर्दी देणारा माणूस तिथे हवाच होता. पगार बेताचा, पण फाटकावर त्यांचा जीव रमला.

गल्लीने बाबांची टर उडवली आणि वेळेला त्यांचाच आधार घेतला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई एकट्या राहायच्या. एका सकाळी त्यांची खिडकी उघडली नाही. बाबांनी ती खबर इतक्या वेळा दिली की आईने वैतागून वर जाऊन दार ठोठावलं. बाई न्हाणीघरात पाय मोडून पडल्या होत्या, हाक मारायचंही त्राण उरलं नव्हतं. त्या वाचल्या. गल्ली बाबांना शाबासकी द्यायला आली तर बाबा उलट चिडले. "मी काही केलं नाही. दिसलं ते सांगितलं," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत. कौतुकाने फुगणारी माणसं धाकटीने ढिगाने पाहिली होती. कौतुकाने उपाशी राहणारा हा एकच.

आणखी एक हट्ट होता, त्याचा अर्थ घरात कुणालाच लागला नाही. शर्ट दोरीवर वाळत घालायचा नाही. चादरी चालतील, टॉवेल चालतील, शर्ट नाही. शर्ट आतल्या खोलीत खुर्च्यांच्या पाठींवर पसरायचे. दमट दिवसांत घरभर कुबट वास, आणि दादा ओल्या कॉलरने शाळेत. एकदा धाकटीने, तेव्हा ती शाळकरी होती, दादाचा पांढरा शर्ट एका बाहीला चिमटा लावून गॅलरीत लटकवला. वारं होतं, शर्ट फडफडायला लागला. बाबा गिरणीतून घरी येत होते. त्यांनी गल्लीतून वर पाहिलं आणि मटकन रस्त्यातच खाली बसले. मग जिना चढून आले आणि शर्ट असा ओढला की बाहीच हातात आली. त्यांनी धाकटीवर हात उगारला नाही, पण त्यांचे ओठ जे थरथरत होते, त्यापेक्षा तिला दोन चापट्या परवडल्या असत्या.

"युद्धावरून आलेला माणूस आहे, एखादी खोड असायचीच," आईने रात्री समजूत काढली. "दारूपेक्षा बरी."

नौदलातल्या जुन्या सोबत्यांची एक संघटना होती. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोरखंडाच्या दुकानाच्या माडीवर, तिचं लांबट सभागृह. लाकडी खुर्च्या, भिंतीवर गेलेल्या सोबत्यांचे फोटो, कोपऱ्यात चहाचं टेबल. तिथे बाबांना सगळे 'ओंडका' म्हणत. धाकटीला वाटायचं, बांधा आडवा, मान आखूड, म्हणून ओंडका. दादाला वाटायचं, बोटीवर ओंडक्यासारखे झोपत असतील. पण बाबांना धड झोपलेलं घरात तरी कुणी पाहिलं नव्हतं. नाव ठेवलं होतं बोटीवरच्या आचाऱ्याने, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आचारीकाका हाताचे गोड आणि जिभेचे तिखट.

वर्षातून एकदा, स्मृतिदिनाला, सगळे कुटुंबासह जमत. त्या दिवशी शेवटच्या रांगेत एक बाई येऊन बसायच्या. युद्धात बाबांच्या बोटीच्या जोडीने दुसरी एक बोट चालत असे. ती एका रात्री बुडाली. तिच्यावर या बाईंचा थोरला भाऊ होता. त्या बोटीवरचं एकही माणूस परत आलं नाही. संघटनेत बाईंना सगळे बहीणबाईच म्हणत. सभा संपली की बहीणबाई एकेकापाशी जायच्या आणि तेच विचारायच्या, "तुमची बोट जवळच होती ना? कुणी काही पाहिलं होतं का हो?" उत्तर ठरलेलं असायचं. नाही हो ताई, अंधार गुडुप होता. झोपेतच गेला असणार, त्रास झाला नसणार. बहीणबाई मान डोलवायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या.

त्या बाबांपाशी पोचायच्या तेव्हा बाबा उठलेले असायचे. "चहा आणतो," म्हणायचे. दोन चमचे साखर घालून, ढवळून, बशीत थेंब न सांडता कप आणून त्यांच्या हातात द्यायचे. तोवर प्रश्नाला शेजारच्या कुणीतरी उत्तर दिलेलं असायचं. जगातल्या झाडून सगळ्या सायकलींची खबर देणारे बाबा या एका बाईपुढे मुके होतात, हे धाकटी लहानपणापासून पाहत आली होती. बाबांना बाईंची दया येत असेल, अशी तिने आपली समजूत करून घेतली.

मोठी झाल्यावर धाकटी इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामाला लागली. बाबांना ही नोकरी कधी पटली नाही.

"तुला आतलं मोडलेलं हाड दिसतं?"

"दिसतं की."

"आणि समोरचा विचारतो, ताई, काय दिसतंय?"

"डॉक्टर सांगतील, म्हणते. आम्ही सांगायचं नसतं, बाबा. नियम आहे."

"दिसतं, आणि तोंड मिटून बसतेस." हे ते असं म्हणायचे, जसा काही तिने कुणाचा गळाच दाबला.

त्याच इस्पितळात बाबांचे शेवटचे दिवस गेले. आई आधीच गेली होती. बाबांचं हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, डोळे मात्र जागे होते. कामातून सवड मिळाली की धाकटी जिना चढून वॉर्डात यायची. खिडकीसमोरच्या गच्चीवर इस्पितळाचे कपडे वाळत असत. एका सकाळी बाबांनी तिचं मनगट धरलं. आवाज खोल गेलेला, पण शब्द बोटीवरचे.

"उजवीकडे, क्षितिजाला लागून. काहीतरी काळं, लांबट. त्यावर काहीतरी उभं आहे. हलतंय."

खाली पेशंटांची रांग लागली होती. धाकटीने खिडकीकडे नुसतं पाहिल्यासारखं केलं. "काही नाही बाबा. पक्षी असेल एखादा. झोपा तुम्ही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते रडायला लागले. आवाज नाही, हुंदका नाही, डोळे सताड उघडे आणि त्यातून पाणी. त्यांनी तिचं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ती संध्याकाळी परत आली तेव्हा ते बोलण्याच्या पलीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी ते गेले.

माणूस पिकलं पान होतं, गेलं, असं सगळे म्हणाले आणि ते खरंही होतं. पण धाकटीच्या मनातून ते रडणं जाईना. आयुष्यभर घरात एकच गोष्ट धडपणे शिकवली होती, खबर आली की 'पोचलं' म्हणायचं. तेवढंही तिने म्हटलं नव्हतं. त्यात पक्षी म्हटल्यावर त्यांना इतकं काय लागलं, हे तिला काही केल्या उमगेना.

संघटनेची एक रीत होती. सोबती गेला की सभा भरायची आणि घरातल्या एका माणसाने उभं राहून त्याचं आयुष्य थोडक्यात सांगायचं. मग फोटो भिंतीवर चढायचा. पण त्याआधी अध्यक्ष विचारायचे, बोटीवर पहाऱ्याची पाळी बदलताना अधिकारी विचारतात तसं, "पाळी संपली. काय दिसतंय?" घरच्या माणसाने गेलेल्याच्या वतीने उत्तर द्यायचं, "समुद्र मोकळा." म्हणजे माझ्या पाळीत दिसलं ते सगळं सांगून झालं, मागे काही ठेवलेलं नाही. दोनच शब्द. आजवर त्यावर कुणाची जीभ अडखळली नव्हती.

"माझ्या वेळी धाकटी बोलेल," असं बाबांनी कधीच सांगून ठेवलं होतं. दादाला ते जरा झोंबलं. मग तो फोटोच्या मागे लागला. गणवेशातला फोटो मोठा करून घेतला, जाड चौकट बसवली, स्टुडिओवाल्याला दोनदा परत पाठवलं. त्याच्या खिशात बाबांची दुसरी काही इस्टेट आली नव्हती, नावच तेवढं आलं होतं. ते तो पुसून लखलखीत करत होता.

भाषणाला बोटीवरचं काहीतरी हवं म्हणून धाकटी आचारीकाकांकडे गेली. काका मुलाच्या खानावळीमागच्या खोलीत राहायचे. नव्वदीला टेकले तरी बसून खाणं त्यांना जमत नव्हतं; पुढ्यात कांद्यांची टोपली आणि हातात सुरी.

"काका, ओंडका हे नाव कसं पडलं तेवढं सांगा. लोक जरा हसतील."

काकांची सुरी थांबली. "ते सोडून दुसरं विचार."

"का?"

"दुसरं विचार म्हटलं ना."

तिने मग वॉर्डातलं सांगितलं. मनगट धरणं, ते शब्द, आणि आपण काय म्हणालो ते.

"पक्षी म्हणालीस?" काकांनी सुरी खाली ठेवली. "अगं पोरी! सगळं सोडून पक्षीच कसा आला तुझ्या तोंडात?"

कांद्याच्या नावाखाली त्यांनी डोळे पुसले आणि सांगायला लागले. बाबा तेव्हा कोवळं पोर होते. एका पहाटे त्यांनी खबर दिली, पाण्यातून पाणबुडीची बघायची नळी वर आली आहे. भोंगे वाजले, तोफा फिरल्या, झोपलेली बोट उठून धावली, आणि त्या धांदलीत आचाऱ्याच्या चुलीवरचं सगळं जेवण जमिनीवर सांडलं. जवळ जाऊन पाहतात तो लाकडाचा ओंडका. कप्तानाने सगळ्यांदेखत बाबांची सालटी काढली.

"आणि मी," काका म्हणाले, "माझं जेवण सांडल्याच्या रागात, दुपारी त्याच्या ताटात काही वाढलंच नाही. खोक्याचं एक फळकूट ठेवलं. खा म्हटलं, तूच आणलंयस. बोट हसून हसून लोळली. तेव्हापासून ओंडका."

"मग यात न सांगण्यासारखं काय आहे?"

"ऐक पुढचं. थोड्याच दिवसांनी जोडीची बोट रात्री बुडाली. आम्हाला पत्ता नाही. वाटलं, मागे पडली असेल. सकाळी तुझ्या बाबाची पाळी. त्याला दिसलं. उजवीकडे, क्षितिजाला लागून, काळं, लांबट. वर काहीतरी फडफडतंय. त्याच्या मनात आलं, झालं, परत ओंडका. वर पक्षी बसलाय, पंख झाडतोय. तरी त्यानं तोंड उघडलं होतं, मी पाहिलं ना! मी चहाची किटली घेऊन डेकवरच होतो. म्हटलं, काय ओंडक्या, आज किती लाकडं? आजूबाजूचे हसले. त्यानं तोंड मिटलं."

"मग?" धाकटीने विचारलं.

"पाळी संपली. अधिकाऱ्यानं विचारलं, काय दिसतंय. म्हणाला, समुद्र मोकळा." काकांनी टोपली उगाच इकडची तिकडे केली. "बंदराला लागल्यावर आम्हाला कळलं, घरच्यांना कुणी कळवलं नाही. शोधायला गेलेल्यांना एक तराफा सापडला. रिकामा. लाटांनी साफ केलेला. त्यावर एक वल्हं उभं बांधलं होतं आणि वल्ह्याच्या टोकाला शर्ट."

धाकटीच्या डोळ्यांपुढे गॅलरी आली, दादाचा शर्ट आला, रस्त्यात बसलेले बाबा आले. तिने कांद्याची टोपली घट्ट धरली.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"त्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, तोंड शिवून टाक, नाहीतर दोघांनाही चौकशीला उभं करतील. मेलेले का परत येणार आहेत? तेवढं मात्र ऐकलं त्यानं माझं. मी त्याला ओंडका म्हणायचं सोडलं होतं, तर हात धरून म्हणाला, नाही, म्हणत जा. सगळ्यांसमोर म्हणत जा."

त्याच संध्याकाळी तिने दादाला सगळं सांगितलं. चौकटीची काच पुसता पुसता दादा ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने फडका आपटला.

"मेलेल्या माणसाला उकरून तुला काय मिळणार आहे?"

"त्या बाई विचारतात, दादा. दरवर्षी विचारतात."

"आणि त्यांना तरी काय मिळेल? भाऊ झोपेत गेला या एका समजुतीवर म्हातारीचे दिवस निघालेत. तू सांगणार, की तो सकाळपर्यंत जिवंत होता, शर्ट हलवत होता, आणि आमच्या बापानं पाहून न पाहिल्यासारखं केलं? विचारलं म्हणून सगळं सांगतात होय? तू इस्पितळात सांगतेस?"

हे वर्मी लागलं. दादा फक्त नावासाठी भांडत असता तर तिने त्याला उडवून लावलं असतं. पण तो म्हातारीबद्दल म्हणत होता ते खोटं नव्हतं. सभेला जिना चढतानाही तिचं ठरलेलं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. टेबलावर फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता, शेजारी खिळा आणि हातोडी. आचारीकाका पहिल्या रांगेत बुटांकडे बघत बसले होते. शेवटच्या रांगेत बहीणबाई, मांडीवर कापडी पिशवी.

धाकटी बोलली. गॅलरी सांगितली, करपलेलं दूध सांगितलं, तेव्हा माणसं खळखळून हसली. बहीणबाई सगळ्यांत जास्त हसल्या, पदराने डोळे पुसत. मास्तरीणबाईंची न उघडलेली खिडकी सांगितली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "वा, ओंडक्या." दादाची छाती जरा वर आली. सगळं छान चाललं होतं, आणि ते छान चाललंय हेच धाकटीला सोसेना.

अध्यक्ष उभे राहिले. "पाळी संपली. काय दिसतंय?"

दादाचे ओठ हलले. समुद्र मोकळा, म्हण. धाकटीला ते दिसलं. त्याच्यामागे शेवटच्या रांगेतला चेहराही दिसला, अजून हसण्याने लाल असलेला. त्या हसत्या बाईला हे सांगायचं म्हणजे जिवंत माणसाचं हाड हाताने मोडायचं. ते मोडू नये म्हणून तर बाबा इतकी वर्षं चहा आणत राहिले. आणि शेवटी, जाता जाता, त्यांना सांगायचंच होतं. त्यांनी सांगितलं, आणि आपण म्हटलं पक्षी.

"उजवीकडे," धाकटी म्हणाली. आवाज चिरकला, तिने पुन्हा सुरुवात केली. "उजवीकडे, क्षितिजाला लागून, काहीतरी काळं, लांबट. त्यावर काहीतरी उभं आहे. हलतंय."

अध्यक्षांना काही कळेना. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"बहीणबाई, माझ्या बाबांना हे दिसलं होतं. तुमच्या भावाची बोट बुडाली त्या रात्रीनंतरच्या सकाळी. तो तराफा होता. त्यांना वाटलं ओंडका आहे, वर पक्षी आहे. त्यांनी खबर दिली नाही. पाळी संपताना समुद्र मोकळा म्हणाले. नंतर तराफा सापडला तेव्हा त्यावर कुणी नव्हतं."

"त्याचं तोंड मी बंद केलं," आचारीकाका उठत म्हणाले. "हसलो मी त्याला." शेजाऱ्याने त्यांना धरून बसवलं. दादा खुर्ची सरकवून जिन्याकडे निघून गेला.

बहीणबाई उठल्या. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत त्या पुढे आल्या. सभागृहात त्यांच्या चपलांचा तेवढा आवाज. टेबलापाशी येऊन त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"हलत काय होतं?"

"शर्ट. वल्ह्याच्या टोकाला बांधलेला."

"उंच?"

"वल्ह्याइतका."

"मग तो आमच्या दादानंच बांधला असणार," त्या म्हणाल्या. "शाळेत झेंड्याची दोरी अडकली की मास्तर त्यालाच वर चढवायचे." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "म्हणजे सकाळी होता तो. सकाळी होता."

"हो."

"तुझे वडील मला दरवर्षी चहा आणून द्यायचे. दोन चमचे साखर, न विचारता. मी घरी जाऊन सांगायची, किती भला माणूस आहे." त्या थांबल्या. "नव्हता असं नाही म्हणत मी. पण चहा मला नको होता गं."

धाकटी रडायला लागली. बहीणबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, पाठीवर हातही फिरवला नाही.

"रडू नकोस. पुन्हा सांग. मघाशी मला नीट ऐकू आलं नाही. सावकाश सांग."

धाकटीने डोळे पुसले. बाबा गॅलरीतून सांगायचे तशी, एक पट्टी वर चढवून, शब्द सुटा सुटा करून तिने सांगितलं. "उजवीकडे, क्षितिजाला लागून, एक तराफा. त्यावर वल्हं उभं केलेलं. वल्ह्याला शर्ट. कुणीतरी तो हलवतंय."

बहीणबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी पिशवी उचलली.

"पोचलं," त्या म्हणाल्या, आणि जिन्याकडे निघाल्या. जिन्यात दादा उभा होता. त्याने अंग चोरून त्यांना वाट दिली.